अध्याय १७, श्लोक १९ : मुलाला ‘बरं’ करणारं अनुष्ठान



गेले काही दिवस आपण १७ व्या अध्यायात तपापाशी थांबलोय. १४ ते १६ या श्लोकांत शरीराचं, वाणीचं आणि मनाचं तप आलं. १७ व्या श्लोकात सात्त्विक तप आलं, म्हणजे फळाची इच्छा न धरता श्रद्धेने केलेलं. काल राजस आलं, म्हणजे मान मिळावा, लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून केलेलं. आज तामस. भगवंत म्हणतात की जे तप मूढ हट्टाने, स्वतःला पीडा देऊन केलं जातं, किंवा दुसऱ्याचं वाटोळं व्हावं म्हणून केलं जातं, ते तामस.

या श्लोकावर बोलताना बहुतेक जण काट्यांवर झोपणाऱ्या, वर्षानुवर्षं हात वर धरून ठेवणाऱ्या साधूंचं उदाहरण देतात. ते सोयीचं पडतं, कारण आपल्यापैकी कोणी काट्यांवर झोपत नाही. श्लोक दुसऱ्यांबद्दल आहे असं समजून आपण पान उलटतो. आज मी तसं करणार नाहीये, त्याला कारण आहे.

मागच्या रविवारी ऑनलाइन वाचन संपल्यावर एक काकू कॉलवर थांबल्या. सगळे गेल्याची खात्री करून त्यांनी विचारलं, “दादा, अमुक महाराजांबद्दल तुम्हाला काही माहिती आहे का?” मला नव्हती. मग हळूहळू बाहेर आलं. मुलगा २२ वर्षांचा. दिवाळीत त्याने घरी सांगितलं की तो गे आहे. नात्यातल्या कुणीतरी या महाराजांचं नाव सुचवलं. तिथे ४१ दिवस ठेवून घेतात, पहिल्याच दिवशी फोन काढून घेतात, पहाटेपासून जप, एकवेळ जेवण, आणि “अशी बरीच मुलं बरी झालीत”. मुलगा यायला तयार आहे, काकू म्हणाल्या. “तो स्वतःच म्हणतो, आई, मला पण हे नकोय. मग पाठवायला काय हरकत आहे?”

आजचं लिखाण या शेवटच्या वाक्यासाठी आहे. जबरदस्ती असती तर उत्तर सोपं होतं.

आधी शब्दाबद्दल थोडं. याला जगभर ‘कन्व्हर्जन थेरपी’ म्हणतात. आपल्याकडे कन्व्हर्जन म्हटलं की डोक्यात धर्मांतर येतं, त्यामुळे गोंधळ होतो. इथे अर्थ वेगळा. पुरुषाला पुरुषाचं किंवा बाईला बाईचं आकर्षण वाटतं, ते उपचाराने, प्रार्थनेने, समुपदेशनाने किंवा शिक्षेने पालटून ‘सर्वसाधारण’ करायचा प्रयत्न. ‘थेरपी’ हा शब्द उगाच चिकटलाय. थेरपी आजारावर असते. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये.

धर्माच्या नावाने हा प्रयोग सगळ्यात मोठ्या प्रमाणात आणि सगळ्यात जास्त नोंदी मागे ठेवून झाला तो अमेरिकेतल्या ख्रिश्चन मंडळींमध्ये. म्हणून काकूंना मी आधी तिथली गोष्ट सांगितली. ते लोक दुष्ट होते असं समजून वाचू नका. त्यातले बरेच जण मनापासून देवाला मानणारे होते, आणि कित्येक स्वतःच गे होते. तसं नसतं तर ही गोष्ट आपल्या उपयोगाची नव्हती.

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियात एक्सोडस इंटरनॅशनल नावाची संघटना सुरू झाली. येशूच्या कृपेने समलैंगिकतेतून बाहेर पडता येतं, हा त्यांचा दावा. नाव बायबलमधल्या गुलामीतून सुटण्याच्या कथेवरून. पुढे तिच्या छत्राखाली अमेरिका-कॅनडात २०० हून जास्त स्थानिक गट आले. स्थापना करणाऱ्यांमध्ये मायकल बसी होते. त्यांच्याबरोबर काम करणारे गॅरी कूपर. हे दोघं गावोगाव जाऊन ‘आम्ही बदललो’ अशी साक्ष द्यायचे. १९७९ मध्ये दोघांनीही संघटना सोडली, कारण ते एकमेकांच्या प्रेमात पडले होते. २००७ मध्ये बसींनी जाहीर माफी मागितली.

एक्सोडसच्याही आधी, १९७३ मध्ये, ‘लव्ह इन अ‍ॅक्शन’ नावाचा गट सुरू झाला होता. त्याच्या संस्थापकांपैकी जॉन इव्हान्स बाहेर पडले ते त्यांच्या जवळच्या मित्राने आत्महत्या केल्यावर. बदलता येत नाही या निराशेतून त्याने जीव दिला होता. गट मात्र चालूच राहिला, पुढे मेम्फिसला गेला. २००४ मध्ये तिथे गॅरार्ड कॉनली नावाचा १९ वर्षांचा मुलगा दाखल झाला. आर्कान्सामधल्या एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याने नंतर ‘बॉय इरेझ्ड’ हे आत्मकथन लिहिलं (२०१६), त्यावर २०१८ मध्ये सिनेमाही आला. तिथे मुलांना घराण्याचा वंशवृक्ष काढायला लावायचे आणि प्रत्येक नातेवाइकासमोर त्याचं पाप चिन्हाने दाखवायला लावायचे. कोण दारुडा, कोण जुगारी, कोण व्यभिचारी. म्हणजे तुझ्यातला हा दोष कुठून आला ते शोध. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचा पितृदोष आणि कुळाचा शाप आठवला. भाषा बदलली तरी कारखाना तोच. कॉनलीला तिथून बाहेर काढलं ते त्याच्या आईने.

या केंद्राचे अनेक वर्षं संचालक असलेले जॉन स्मिड २००८ मध्ये तिथून बाहेर पडले. २०११ मध्ये त्यांनी लिहिलं की समलैंगिकतेतून खरोखर बदलून विषमलैंगिक झालेला एकही पुरुष त्यांना भेटला नाही. संचालक सांगतोय हे, टीकाकार नाही. आणि एक्सोडसचे शेवटचे अध्यक्ष अ‍ॅलन चेंबर्स २०१२ मध्ये म्हणाले की त्यांना भेटलेल्या ९९.९ टक्के लोकांचं आकर्षण बदललं नव्हतं. स्वतः चेंबर्स विवाहित, मुलांचे वडील, पण पुरुषांचं आकर्षण त्यांचंही गेलं नव्हतं, हेही त्यांनी लपवलं नाही. जून २०१३ मध्ये त्यांनी माफी मागितली आणि ३७ वर्षं चाललेली संघटना बंद केली. त्या माफीत एक गोष्ट खास होती. आकर्षण बदललं नाही म्हणून लोकांनी जी वर्षानुवर्षं लाज आणि अपराधीपणा भोगला, त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली.

“पण संशोधन आहे ना बदलतं म्हणून?” असं काकूंच्या त्या नातेवाइकाने सांगितलं होतं. आहे, आणि तेही बघू. रॉबर्ट स्पिट्झर हे मोठे मानसोपचारतज्ज्ञ. गंमत म्हणजे १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढण्यात त्यांचाच पुढाकार होता. त्यांनी २०० जणांच्या फोनवर मुलाखती घेतल्या आणि २००३ मध्ये निबंध छापला, की काही जण बदललेले दिसतात. जगभरातल्या बदलवणाऱ्या गटांनी तो निबंध डोक्यावर घेतला. पण मुलाखत दिलेले बरेच लोक याच गटांनी पाठवलेले होते. त्यांचं आकर्षण खरंच बदललंय, की बदललंय असं ते स्वतःला आणि जगाला पटवतायत, हे फोनवर कळायला मार्ग नव्हता. २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात आणि पार्किन्सनने थकलेले असताना, स्पिट्झरनी हे मान्य केलं आणि ज्यांनी त्या निबंधावर विसंबून आयुष्याची वर्षं घालवली त्यांची माफी मागितली. त्याआधी २००९ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या समितीने १९६० ते २००७ मधले ८३ अभ्यास तपासले होते. हे उपचार लागू पडतात याला पुरेसा आधार नाही, अपाय होऊ शकतो, असा निष्कर्ष.

अपायाचा एक आकडा देतो. आकडे देताना मी जपून असतो, कारण मागे वळून विचारलेल्या अभ्यासात कारण आणि परिणाम वेगळे काढणं अवघड असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फॅमिली अ‍ॅक्सेप्टन्स प्रोजेक्ट’ने २४५ तरुणांचा अभ्यास २०१८ मध्ये मांडला. ज्यांना बदलायचा प्रयत्न कुणी केला नाही, त्यांच्यापैकी २२ टक्क्यांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. हा आकडाच भयंकर आहे. ज्यांच्या आईवडिलांनी घरी प्रयत्न केले, त्यांच्यात ४८ टक्के. घरच्यांबरोबर बाहेरचा धर्मगुरू किंवा समुपदेशकही लागला होता, त्यांच्यात ६३ टक्के.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. मुलगा स्वतः तयार आहे, मग काय बिघडतं?

एक्सोडसमध्येही बहुतेक मोठी माणसं स्वतःहून आली होती. त्यांनी उपास केले, रात्र रात्र प्रार्थना केली. आणि बदल झाला नाही तेव्हा त्यांना जे सांगितलं गेलं ते जगात सगळीकडे सारखंच असतं. तुझी श्रद्धा कमी पडली. तू मनापासून मागितलं नाहीस. तुझ्या मनात अजून ओढ शिल्लक आहे.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून त्याच भाषेत सांगतो. एखादी टेस्ट कधीच फेल होत नसेल तर आम्ही पेढे वाटत नाही. ती टेस्ट काही तपासतच नाहीये, असं समजतो. या अनुष्ठानात पद्धत कधीच फेल होत नाही. मुलगा बदलला असं म्हणाला, की महाराजांची कृपा. नाही बदलला, की मुलाची खोट. महाराजांवर, मंत्रावर, दिवसांच्या संख्येवर कधीच काही येत नाही. सगळा भार एकाच बाजूला, आणि त्या बाजूला २२ वर्षांचा एकटा पोरगा.

पण मला यातलं सगळ्यात मोठं नुकसान वेगळं वाटतं. शरीराचे हाल दिसतात, कायदा ते पकडू शकतो. पण हा मुलगा श्रद्धाळू आहे. लहानपणापासून हरिपाठ म्हणत आलाय. कॉलेजात एकटा पडला असेल, मित्रांचे विनोद ऐकून गप्प बसला असेल, तेव्हा त्याला जवळचं असं एक नाम होतं. आता त्याच नामाला आपण त्याच्या विरुद्ध कामाला लावतो. रोज ११ माळा, आणि प्रत्येक मण्यावर एकच मागणं, मला असा ठेवू नकोस. ४१ व्या दिवशी तो आहे तसाच उठतो. आता त्याच्यापुढे दोनच अर्थ उरतात. एक तर देव नाही. नाही तर देव आहे, त्याने ऐकलंय, आणि त्याला मी नकोय.

यातला दुसरा अर्थ ज्याच्या मनात बसला त्याला परत नामाकडे कसं आणायचं, हे मला तरी माहीत नाही. माळ हातात घेतली की त्याला तो ४१ वा दिवसच आठवणार. ज्या माणसाला देवाचा आधार सगळ्यात जास्त हवा होता, त्याचाच आधार आपण देवाच्या नावाने काढून घेतला.

याच अध्यायाच्या सुरुवातीला, ५ व्या आणि ६ व्या श्लोकात, भगवंतांनी हे जवळजवळ सरळ सांगितलंय. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप जे दंभाने आणि अहंकाराने करतात, ते शरीरातल्या भूतांना तर कष्टवतातच, पण आत राहणाऱ्या मलाही कष्टवतात. आणि अशांचा निश्चय आसुरी समजावा. “मलाही” या शब्दावर थांबा. त्या खोलीत कोंडलेला, अर्धपोटी, स्वतःचा तिरस्कार करायला शिकवलेला मुलगा ज्याची आराधना करतोय, तो बाहेर सिंहासनावर बसून परीक्षा घेत नाहीये. तो त्या मुलाच्या आतच आहे आणि त्यालाच पीडा होतेय.

परवा झालेले श्लोकही लावून बघा. शरीराच्या तपात भगवंतांनी अहिंसा घातली. वाणीच्या तपात कुणाला उद्वेग होणार नाही असं खरं आणि हिताचं बोलणं. मनाच्या तपात पहिलंच नाव मनाच्या प्रसन्नतेचं. जिथे मुलाला रोज ‘तुझ्यात दोष आहे’ हे ऐकवलं जातं तिथे यातलं काय उरतं? कालचा राजसाचा श्लोक तर जास्तच बोचरा आहे. आईवडिलांच्या मनात खोल कुठेतरी ‘लोक काय म्हणतील’ असतंच. मी त्यांना दोष देत नाही. लोक खरंच बोलतात, धाकट्या बहिणीच्या लग्नात अडचण येईल ही भीती खोटी नाही. फक्त त्या भीतीला अनुष्ठान म्हणू नये.

आता दोन आक्षेप, जे दरवेळी येतात आणि यायलाच हवेत.

एक जण म्हणेल, स्वभाव म्हणून सगळंच मान्य करायचं का? राग हाही स्वभाव, लोभ हाही स्वभाव. ३ ऱ्या अध्यायात कामाला शत्रू म्हटलंय. बरोबर. पण त्याच अध्यायात, ३३ व्या श्लोकात, ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो आणि तिथे निग्रहाचं काही चालत नाही, असंही म्हटलंय. दोन्ही एकत्र वाचायला हवं. कामाला शत्रू म्हणताना भगवंतांनी तो पुरुषाचा बाईबद्दलचा की पुरुषाचा पुरुषाबद्दलचा असा फरक तिथे केलेला नाही. वासनेच्या आहारी जाऊ नका हा उपदेश सगळ्यांना आहे. मला आहे, तुम्हाला आहे, त्या मुलालाही आहे. एखाद्याने ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं तर तो स्वतःच्या इच्छेने वागण्याला आवर घालतो. पण बायकांचं आकर्षण वाटणाऱ्या ब्रह्मचाऱ्याला आपण असं कधी म्हणत नाही, की आवर घालणं पुरे नाही, तुला आजपासून पुरुषांचं आकर्षण वाटलं पाहिजे, तरच तू शुद्ध. तशी मागणी वेडेपणाची वाटते ना? या मुलांकडे आपण नेमकी तीच करतोय.

दुसरा आक्षेप असा, की शास्त्रात समलैंगिक संबंधांना मान्यता आहे का ते आधी सांगा. यावर माझं मत आहे. प्रेम आणि निष्ठा असेल तर दोन माणसांच्या संसारात मला अधर्म दिसत नाही. तुमच्यातल्या काहींना हे पटणार नाही, ते मी समजू शकतो. पण आजचा श्लोक पटायला माझं मत पटावं लागत नाही. १९ वा श्लोक कशासाठी तप केलं एवढंच पाहत नाही. ते कसं केलं, हेही पाहतो. मूढ हट्ट, पीडा, दुसऱ्याचं वाटोळं. हेतू कितीही पवित्र वाटला तरी पद्धत ही असेल तर ते तामस. ज्यांना समलैंगिकता चूक वाटते, त्यांनाही हे अनुष्ठान भगवंतांच्या नावाने करता येत नाही.

‘दुसऱ्याचं वाटोळं’ हे शब्द वाचताना मला आपल्याकडचा सगळ्यात जास्त चालणारा उपाय आठवतो. तो कुठल्या मठात होत नाही, मंगल कार्यालयात होतो. ‘लग्न लावून द्या, सुधारेल.’ पत्रिका जुळवतात, मुहूर्त काढतात, आणि ज्या मुलीला काहीही सांगितलेलं नाही तिला या उपचाराचं औषध म्हणून घरात आणतात. तिचं आयुष्य, तिची अपेक्षा, आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटत तिने काढलेली वर्षं, हे हिशेबात कुणी धरतच नाही. उलट तिथेही मुलालाच ऐकवतात, तू तिचं आयुष्य बिघडवलंस. आणि मुलगी समलैंगिक असेल तर तिला विचारायचाही प्रश्न येत नाही. तिची मर्जी नसताना, रोज रात्री. यावर मी जास्त लिहीत नाही. तुम्हाला समजतंय.

आपली परंपरा या बाबतीत कोरी नाही, हेही सांगायला हवं. ‘ते ख्रिश्चन लोक’ म्हणून सुटका नाही. माउलींच्या आईवडिलांची गोष्ट आपण सगळेच ऐकत आलोय. विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले, गुरूंच्या आज्ञेने परत संसारात आले, चार मुलं झाली. संन्याशाची मुलं म्हणून कुटुंबाला वाळीत टाकलं. विठ्ठलपंतांनी प्रायश्चित्त विचारलं, तेव्हा सभेने देहान्त सांगितला. परंपरा सांगते की मुलांना तरी समाजात जागा मिळावी म्हणून दोघांनी स्वतःला पाण्यात सोपवलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपलं लक्ष पुढच्या रेड्याकडे असतं. जरा अलीकडे थांबून बघा. त्या सभेतले लोक ग्रंथ उघडून बसले होते. आपण धर्माचं काम करतोय याबद्दल त्यांना शंका नव्हती. आणि दोन जीव गेल्यावरही अट पुरी झाली नाही. मुलांना सांगितलं, पैठणहून शुद्धिपत्र आणा. ज्याला मुळातच अशुद्ध ठरवलंय त्याने कितीही दिलं तरी पुढची पायरी तयार असते. एक्सोडसमधली माणसं हेच ३७ वर्षं अनुभवत होती. आज आपण त्याच निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताईंच्या पालख्या खांद्यावर घेतो. त्या सभेतल्या शास्त्र्यांची नावं किती जणांना माहीत आहेत?

आता व्यवहाराचं. काकूंना हे लिहून पाठवलं होतं, इथेही ठेवतो, कारण अशी वेळ कुणाच्याही ओळखीत येऊ शकते.

भारतात हा विषय आता फक्त मताचा राहिलेला नाही. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ म्हणतो की समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धार्मिक समजुतींशी एखाद्याचं जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. ७ जून २०२१ ला मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी समलैंगिकता ‘बरी’ करायचे वैद्यकीय प्रयत्न थांबवायला सांगितले. त्या निकालाचं मला विशेष वाटतं ते यासाठी, की न्यायमूर्तींनी आपल्या मनातल्या समजुती दूर व्हाव्यात म्हणून आधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञासमोर बसून हा विषय समजून घेतला, आणि ते लपवलं नाही. वाणीच्या तपात ‘खरं’ बोलणं येतं, त्याचं हे मला चांगलं उदाहरण वाटतं. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे एखादा डॉक्टर गोळ्या किंवा शॉक देऊन हे ‘बरं’ करतो म्हणत असेल, तर राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते.

बुवा-महाराजांवर वैद्यकीय आयोगाचा हात पोचत नाही. पण भूत उतरवायच्या नावाखाली दोरीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. त्या कायद्याच्या लांबलचक नावात ‘अघोरी’ हा शब्द आहे. ५ व्या श्लोकातला ‘घोर’ आठवला मला. आणि २२ वर्षांच्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवणं हा कुठेही गुन्हाच आहे, कोंडणारे आईवडील असले तरी. हे सगळं लांबचं नाही. मे २०२० मध्ये केरळमधल्या २१ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गोव्यात जीव दिला. घरच्यांनी केंद्रांत ठेवून जबरदस्तीने औषधं दिली, असं तिने त्याआधी स्वतः जाहीर सांगितलं होतं.

घरात कुणी असं सांगितलं तर लगेच उत्तर द्यायची सक्ती नाही. ‘मला समजायला वेळ लागेल, पण तू जेवून घे’ एवढं म्हणता येतं. आईवडिलांना स्वतःला धक्का बसलेला असतो, त्यांनाही बोलायला कुणीतरी लागतं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं. समुपदेशकाकडे जात असाल तर पहिल्याच भेटीत सरळ विचारा, तुम्ही हे बदलायचा प्रयत्न करता का? हो म्हणाले तर उठून या.

आणि तुमच्यातलं कुणी स्वतः त्या मुलाच्या जागी असेल, तर तुमच्यासाठी वेगळं लिहितो. नाम सोडू नका असं मी म्हणणार नाही. ते सांगायचा अधिकार मला नाही. ज्या नामाने जखम झाली ते काही दिवस, काही वर्षं बाजूला ठेवावंसं वाटलं तर ठेवा. फक्त जप करताना ‘मला बदल’ हे मागणं त्याला जोडायची अट कुणी घातली असेल, तर ती माणसाने घातलेली आहे. परवाच्या सात्त्विक तपाच्या श्लोकात तसं काही मागायचं नसतंच. नुसतं बसायचं असतं. ११ माळा नाही झाल्या, एक झाली, अर्धी झाली, तरी चालतं.

काकूंचं उत्तर अजून आलेलं नाही. मुलाचं नाव मला माहीत नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी नुसतं ‘त्या मुलासाठी’ म्हणून दिवा लावतो.

उद्या २० वा श्लोक. तपाकडून दानाकडे. देश, काळ आणि पात्र या तीन शब्दांवर नेहमी वाद होतो, तेव्हा चहा घेऊन बसा.

राम कृष्ण हरी.